गाडी घेताना आधी चेसिस नंबर वाचा

वडगाव मावळ, कामशेत, लोणावळा. यांपैकी कुठल्याही पोलीस ठाण्यात कामानिमित्त गेलात की आवाराच्या कडेला लावलेली दुचाक्यांची रांग दिसते. मावळचा पाऊस खाऊन गंजलेल्या टाक्या, फाटक्या सीटमधून बाहेर आलेला स्पंज, चाकांच्या आऱ्यांतून वर आलेले गवत. कोणी चोरून टाकून दिलेल्या, काही अपघातातल्या, काही नुसत्याच रस्त्यावर सापडलेल्या. कितीतरी गाड्यांना नंबरप्लेट नसते, आणि असली तरी ती त्याच गाडीची आहे याची खात्री नसते. मूळ मालक मात्र दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात, आपली गाडी कायमची गेली असे समजून गप्प बसलेला असतो.

आपल्याच मावळ तालुक्यातल्या परंदवडीची गंगामाता वाहन शोध संस्था अशा बेवारस गाड्यांचे मालक शोधून देण्याचे काम पोलिसांच्या सोबतीने करते. या शोधाचा आधार असतो तो चेसिस आणि इंजिन नंबर. प्लेट कोणीही काढतो, कोणीही लावतो. गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर गंजाखाली दबला तरी बहुधा वाचता येतो, आणि नोंदणीच्या दप्तरात तोच नंबर मालकाच्या नावापुढे लिहिलेला असतो. जुनी गाडी घेणाऱ्याने, विकणाऱ्याने आणि ज्याची गाडी दारात सुखरूप उभी आहे त्यानेही हीच सवय लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे गाडी बघायला गेलेला माणूस किलोमीटर बघतो, टायर बघतो, आवाज ऐकतो, एक चक्कर मारून येतो. चेसिस नंबर वाचायला कोणी वाकत नाही.

गाडीची ओळख चोरतात कशी, हे आधी समजून घेऊ. सगळ्यांत सोपा प्रकार म्हणजे दुसऱ्याचा नंबर आपल्या गाडीला लावणे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत कुलाब्याला, ताजमहाल हॉटेलच्या परिसरात एकाच नंबरच्या दोन अर्टिगा गाड्या सापडल्या. खऱ्या नंबरचा मालक टॅक्सीवाला होता. न केलेल्या चुकांची चालाने त्याला येत होती. एक दिवस आपल्याच नंबरची दुसरी गाडी त्याला समोर दिसली आणि त्याने पोलिसांना बोलावले. दुसऱ्या गाडीवाल्याने आपल्या नंबरातला एक आकडा बदलून घेतला होता. कारण काय, तर कर्जाचे हप्ते थकले होते आणि फायनान्सवाले गाडी ओढून नेतील ही भीती. म्हणजे नंबर बदलणारा दर वेळी सराईत चोरच असतो असे नाही. हप्ता चुकवणारा, चालान टाळणारा, टोल वाचवू पाहणारा असा साधा दिसणारा माणूसही हे करतो, आणि त्याचा भार भलत्याच घरावर पडतो.

गुन्हेगार हेच काम ठरवून करतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुकेश अंबानी यांच्या घराजवळ स्फोटके ठेवलेली जी स्कॉर्पिओ सापडली, तिच्यावरची प्लेट खोटी होती. त्याच तपासात एनआयएने मिठी नदीतून काढलेल्या वस्तूंमध्ये एकाच नंबरच्या दोन प्लेट होत्या, आणि तो नंबर मराठवाड्यातून काही महिने आधी चोरीला गेलेल्या एका गाडीचा निघाला. गाडी चोरीला गेल्यावर ‘जाऊ दे, विमा मिळेल’ म्हणून तक्रारीला उशीर करणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

तिसरा प्रकार आपल्या घाटाशी जोडलेला आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. बोरघाटात, एक्स्प्रेस वेवर गाडीचा चक्काचूर झाला की विमा कंपनी ती ‘टोटल लॉस’ ठरवते. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा भंगारात विकला जातो. सांगाड्याला भंगाराचीच किंमत असायला हवी. पण त्याच्यासोबत खरी आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, आणि मालकाच्या सह्या असलेले टीटी फॉर्म, म्हणजे मालकी बदलण्याचे अर्ज, गेले तर त्या कागदांना मोल येते. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी कुठून तरी चोरली जाते. तिचा चेसिस नंबर ग्राइंडरने उडवून भंगारातल्या गाडीचा नंबर पंच करतात, किंवा नंबर असलेला पत्र्याचा तुकडाच कापून वेल्डिंग करून बसवतात. आता कागद खरे, नंबर खरा, नाव खरे. गाडी तेवढी चोरीची. भंगारात जायला हव्या होत्या अशा बीएस-४ गाड्यांचे चेसिस नंबर बदलून त्या विकणारी टोळी नवी मुंबई पोलिसांनी २०२१ मध्ये पकडली होती.

म्हणून ज्यांच्या गाडीचा असा अपघात झाला असेल त्यांना कळकळीने सांगणे आहे: क्लेमचे पैसे लवकर मिळावेत म्हणून कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून देऊ नका. मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसी परत करायची. नोंदणी रद्द करूनच सांगाडा द्यायचा आहे, असे विमा कंपनीला लेखी कळवा. नंबरप्लेट स्वतः काढून घ्या आणि पत्रा कापून टाका. जुनी गाडी मोडीत काढायची असेल तर ती अधिकृत वाहन मोडणी केंद्रात द्या आणि त्यांचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय परतू नका.

आता विकत घेण्याकडे येऊ. जुनी गाडी बघायला भर दिवसा जा. हातात टॉर्च, फडके, कोरा पातळ कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल असू द्या. मोटारसायकलचा चेसिस नंबर बहुधा हँडलच्या खाली, जिथे फ्रेम पुढच्या दांड्याला मिळते त्या नळीवर असतो. स्कूटरला तो सीटखाली किंवा पायदानाच्या बाजूला शोधावा लागतो. कारमध्ये बॉनेट उघडल्यावर काचेकडच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखालच्या तळावर, कार्पेट उचलल्यावर सापडतो. टेम्पो-पिकअपला पुढच्या चाकाजवळ, लांब चेसिसपट्टीवर. मिळत नसेल तर त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. ‘नंतर दाखवतो’ असे विकणारा म्हणाला तर तुम्हीही ‘नंतर येतो’ म्हणा.

नंबर सापडला की फडक्याने पुसा, वर कागद धरा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. आरटीओच्या फॉर्मवर चेसिस प्रिंट घेतात ती अशीच. कागदावर अक्षरे पांढरी उमटतात आणि डोळ्यांना न दिसलेले पुष्कळ काही दिसू लागते. कारखान्यात ठोकलेली अक्षरे एका ओळीत, एका खोलीची, सारख्या अंतरावर असतात. हाताने पंच केलेल्या नंबरात एखादा आकडा तिरका, एखादा जास्त खोल, एखादा शेजाऱ्याला चिकटलेला असतो. आजूबाजूला ग्राइंडरच्या बारीक समांतर रेषा उमटल्या, आधीच्या अंकाची पुसट सावली दिसली, तेवढ्याच चौकोनाला नवा रंग किंवा लांबी लागली असेल, कडेने वेल्डिंगची रेघ जात असेल, तर किंमत कितीही कमी असो, तिथून निघा. तो कागद घरी आणून आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडा. दोघांनी मिळून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने बघायचे.

हा नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी मिसळतात. पहिली तीन स्थाने उत्पादकाची असतात: टाटाच्या गाडीवर सहसा एमएटी, ह्युंदाईवर एमएएल, महिंद्रवर एमए१, बजाजवर एमडी२, हिरोवर एमबीएल. दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा नंबर चढवलेला असेल तर या तीन अक्षरांतच चोरी उघडी पडते. इंजिन नंबरही बघा. इंजिन बदललेले असणे हा गुन्हा नाही, पण तो बदल आरसीवर नोंदलेला हवा.

गाडी बघून झाल्यावर फोन हातात घ्या. एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की मॉडेल, इंधन, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा आणि गाडी काळ्या यादीत आहे का, हे दिसते. मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असते, पण समोरच्या माणसाच्या आधारकार्डाशी जुळवण्यापुरते पुरते. पुढे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय सेवेत चेसिस आणि इंजिन नंबर टाकून गाडी कुठे चोरीची म्हणून नोंदलेली नाही ना, ते पाहा. तसा दाखला तिथे विनामूल्य उतरवून घेता येतो. ई-चालान किती थकले आहे तेही बघा. या सगळ्याला अर्धा तास पुरतो. ही ॲप्स अधिकृत स्टोअरवरूनच घ्या. ‘तुमचे चालान आले आहे, ही फाइल उघडा’ असे व्हॉट्सॲपवर येते ती एपीके फाइल खाते रिकामे करणाऱ्यांची असते.

आरसीवर ‘डुप्लिकेट’ लिहिलेले दिसले तर मूळ कुठे गेली हे खोदून विचारा. बोजा दिसत असेल तर कर्ज फिटल्याचे पत्र आणि फायनान्स कंपनीची सही असलेला फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बयाणाही देऊ नका. पैसे आरसीवर ज्याचे नाव त्याच्याच बँक खात्यात टाका. मध्यस्थाच्या, मेहुण्याच्या किंवा ‘शेठच्या’ खात्यात नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याचे प्राधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्याला आरटीओची परवानगी घेणे बंधनकारक आहे, आणि ते पत्र दुकानात लावलेले असायला हवे. ज्याच्याकडे ते नाही त्याच्याशी स्वस्तात व्यवहार होईल, पण उद्या गाडी चोरीची निघाली तर तो सापडणार नाही.

आणि गाडी चोरीची निघालीच तर? ‘मी पूर्ण पैसे मोजले आहेत’ हे म्हणणे टिकत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम २७ साधे आहे: विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराला हक्क नसतो, म्हणून तुम्हालाही नसतो. गाडी जप्त होते आणि न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर मूळ मालकाकडे जाते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ तर चोरीचा माल घेणाऱ्यालाही धरते. मात्र माल चोरीचा आहे हे माहीत असले पाहिजे किंवा तसे वाटायला कारण असले पाहिजे. बाजारात चार लाखांना जाणारी गाडी तुम्हाला सव्वा लाखात, कागदांशिवाय, रात्री कुणी देत असेल, तर ते कारण तुमच्यासमोरच होते असे तपास अधिकारी म्हणेल.

चेसिस तपासली, पैसे दिले, गाडी घरी आली. इथे बहुतेकांचे काम संपते, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे आहे. मावळातल्या गाड्या एमएच-१४ पासिंगच्या, म्हणजे हे काम पिंपरी-चिंचवड आरटीओचे. विकणाऱ्याचा फॉर्म २९, घेणाऱ्याचा फॉर्म ३०. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावरून भरता येतो. पण गावोगाव काय चालते? पैसे दिले, किल्ली घेतली, सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म कपाटात ठेवले, आणि गाडी तीन-चार हातांतून फिरली तरी नाव पहिल्याचेच.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात याच सवयीचा निकाल लावला. २००७ मध्ये विकलेली गाडी हातोहात पुढे गेली होती. २००९ मध्ये तिच्या अपघातात एका मुलाचा जीव गेला. आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचे होते. न्यायालयाने सांगितले की कायद्याच्या लेखी मालक तो, ज्याचे नाव नोंदणीत आहे. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. विकून मोकळा झालो असे मानणाऱ्या प्रत्येक माणसाला हा निकाल लागू आहे. तुमच्या जुन्या गाडीने कोणी दारूची वाहतूक केली, कोणाला उडवून पळाले, तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतील.

घेणाऱ्याचेही नुकसान तेवढेच. तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप जातो. पण स्वतःच्या गाडीच्या चोरीचा किंवा नुकसानीचा विमा आपोआप जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलून मागावे लागते. पॉलिसी पहिल्याच्या नावाने आणि गाडी तुमच्या अंगणातून गेली, असे झाले तर दावा कोणाचाच उभा राहत नाही. म्हणून विकताना एवढे कराच: ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, दोघांच्या सह्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. नाव बदलल्याचे परिवहनवर स्वतः तपासा. एजंटच्या ‘झालंय काम’ या फोनवर विसंबू नका.

तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांत काम करणारे पुष्कळ जण गावाकडून, दुसऱ्या राज्यातून दुचाकी घेऊन आले आहेत. त्यांनी लक्षात ठेवावे की बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी आणून इथली नोंदणी घ्यावी लागते. आणि लोणावळ्यात सुट्टीला येणाऱ्यांसाठी, तसेच त्यांना गाड्या देणाऱ्यांसाठी: स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची दुचाकी तासावर घेऊन लायन्स पॉइंटला निघालात आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला हात झटकायला निमित्त मिळते.

आता समजा तुमच्याच नंबरची दुसरी गाडी कुठेतरी फिरते आहे. जुलै २०२४ पासून पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर आयटीएमएस या वाहतूक नियंत्रण यंत्रणेचे कॅमेरे चालान काढू लागले, त्यामुळे अशी गोष्ट आता लवकर कळते. मात्र त्यासाठी आरसीशी तुमचा चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. नसेल तर आजच परिवहनवर जोडून घ्या. ज्या रस्त्याला गेलाच नाहीत तिथले चालान आले तर वैतागून भरून टाकू नका, कारण भरलेले चालान म्हणजे गाडी तुमचीच होती अशी कबुली ठरू शकते. चालानचा फोटो मोठा करून बघा. छतावर रेलिंग आहे का, चाकाची कॅप कोणती, बंपरवरचा ओरखडा, मागच्या काचेवरचा स्टिकर, प्लेटचा फाँट. आपल्या गाडीचे त्याच कोनातून दोन-तीन फोटो काढा. महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीची सोय आहे, तिथे दोन्ही फोटो जोडा.

सोबत फास्टॅगचे विवरण ठेवा. नंबर चोरणारा प्लेट बनवतो, पण तुमच्या खात्याचा टॅग त्याला सहज मिळत नाही. त्या वेळी तुमची गाडी सोमाटणे, वरसोली किंवा उर्सेच्या टोलवरून गेलीच नाही, हे बँकेच्या नोंदीत दिसते. घराच्या, सोसायटीच्या, कंपनीच्या गेटवरचे सीसीटीव्ही लगेच मागून ठेवा, कारण काही दिवसांत ते पुसले जाते. मग पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तळेगाव दाभाडे आणि तळेगाव एमआयडीसी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात. वडगाव, कामशेत आणि लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हे ठामपणे सांगा. तक्रारीची प्रत आरटीओला आणि विमा कंपनीलाही द्या.

यासाठीच उच्च सुरक्षा नोंदणी पाटीकडे, म्हणजे एचएसआरपीकडे, निव्वळ दंड टाळण्याचे साधन म्हणून पाहू नका. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती गाडीसोबतच उत्पादकाकडून येते; आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात दुचाकीसाठी ४५०, तीनचाकीसाठी ५०० आणि चारचाकीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी असा दर ठरला. अशोकचक्राचा होलोग्राम, खाली डावीकडे लेसरने कोरलेला कायमचा क्रमांक, आणि एकदा बसवल्यावर तोडल्याशिवाय न निघणारे लॉक, ही तिची खूण. कारच्या पुढच्या काचेवरच्या स्टिकरवर इंजिन आणि चेसिस नंबरही असतो. चौकात दीडशे रुपयांत मिळणारी तशीच दिसणारी प्लेट नोंदणीच्या दप्तराशी जोडलेली नसते. शिवाय पाटी बुक करण्यासाठी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच पुढे जा. हुबेहूब खोटी संकेतस्थळे पैसे घेऊन गायब झाली आहेत.

एक गोष्ट राहिली, आणि ती घरोघरी आहे. वडील गेले, त्यांची स्कूटर किंवा ट्रॅक्टर मुलगा वापरतो, आणि आरसीवर नाव वर्षानुवर्षे वडिलांचेच राहते. अशी गाडी चोरीला गेली, तिचा नंबर कोणी उचलला किंवा अपघात झाला, तर तक्रार कोणाच्या नावाने द्यायची इथपासून अडचण सुरू होते. वारसाने ३० दिवसांत आरटीओला मृत्यूची माहिती दिली तर तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच मुदतीत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचे असते. सोबत मृत्यूचा दाखला, इतर वारसांचे संमतिपत्र, आरसी, चालू विमा आणि पीयूसी लागते. मुदत उलटून गेली असली तरी अर्ज करता येतो, थोडा दंड भरावा लागतो. दशक्रियेनंतर जमिनीच्या वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जाताना गाडीचे कागदही त्याच पिशवीत घ्या.